फादर थॉमस स्टीफन्स : पवित्र संस्कार आणि स्वभाषा



सेव्हिलचे बिशप संत इसिदोर (निधन इ. स. ६३६) यांनी पवित्र संस्काराचा अर्थ असा लाविला की, दृश्य वस्तूंच्या आवरणाखाली ईश्वरी सामर्थ्य गुप्तपणे आपले तारण साधीत असते. गूढ आहे ते देवाचे कार्य. संस्कार घेणाऱ्यास त्याचा अर्थच कळू नये, असा याचा आशय नव्हे. तो अर्थ लोकांस त्यांच्या भाषेत कळावा म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले आयुष्य वेचिले.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडात विल्टशर परगण्यात झाला. १५७५ साली रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले व १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले. साष्टी प्रांत हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र. तेथे १५८३ साली कुंकळ्ळीस त्यांचे पाच संघबंधू मारले गेले. त्यांची प्रेते परत मिळविण्याचे दुःखद काम त्यांच्याच वाट्यास आले. तरीही त्या लोकांची सेवा त्यांनी सोडिली नाही.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे तेव्हा बंद करण्यात आली होती आणि उपासना लॅटिनमध्ये चाले. तेव्हा, आम्ही वाचावे तरी काय, असा प्रश्न एका श्रोत्याने केल्याचे त्यांच्या ग्रंथारंभीच वर्णिले आहे. उत्तरादाखल त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. प्रभूचे अखेरचे भोजन श्रोत्यांनी त्यात पोथीच्या चालीवर ऐकिले. १६१९ साली फादर निवर्तले. धर्मतत्त्वे व संस्कार प्रश्नोत्तररूपाने समजाविणारे त्यांचे कोंकणी पुस्तक १६२२ साली निघाले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषांविरुद्ध हुकूम काढिला. छापील प्रती नाहीशा झाल्या. परंतु भाविकांनी हाताने नकला करून पुराण जतन केले. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापिले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा व संस्कारविधी मराठीत आले. संत नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यात आहे, तेथील आपणांस पोथीश्रवणाचा संस्कार घरचाच आहे. यापुढे आपल्या बालकाच्या मस्तकी पाणी पडेल तेव्हा आईबापांनी मराठी प्रश्नांची उत्तरे सवयीने न देता अर्थ जाणून द्यावी, एवढीच या महोत्सवी विनंती.