आपल्याच खटल्यात तिऱ्हाईत

व्यभिचाराच्या आरोपावरून पती-पत्नींचा वाद न्यायालयात जातो, तेव्हा त्यातील तिऱ्हाईत कोण, या प्रश्नाचे उत्तर कोणीही चटकन देईल. कॅरोलाइन नॉर्टन या इंग्रज लेखिकेचे चरित्र मात्र निराळेच उत्तर देते.

नाटककार शेरिडन याची ही नात १८०८ साली लंडनमध्ये जन्मली. १८२७ साली जॉर्ज नॉर्टन या बॅरिस्टराशी तिचा विवाह झाला. संसारात मारहाण होती आणि पैशाची ओढाताणही होती. लेखनाच्या कमाईतून घरखर्चाचा मोठा भार तीच उचलीत असे. १८३६ साली पतीने तिन्ही मुले तिच्यापासून तोडली आणि खुद्द पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न याच्यावर दावा लावला. माझ्या पत्नीशी अनैतिक संबंध ठेवल्याबद्दल १०,००० पौंड भरपाई द्यावी, अशी त्याची मागणी होती.

या दाव्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. पती वादी, परपुरुष प्रतिवादी. आणि जिच्या अब्रूचा निवाडा व्हायचा ती पत्नी पक्षकारही नव्हती आणि साक्षीदारही होऊ शकत नव्हती. विवाहितेला पतीहून वेगळे कायदेशीर अस्तित्वच नव्हते. दोघा पुरुषांतील भरपाईच्या व्यवहारात तिचे स्थान मालमत्तेचे होते.

ज्यूरीने जागेवरच मेलबर्नला निर्दोष ठरविले. तो १८४१ पर्यंत पंतप्रधान होता. कॅरोलाइनच्या पदरात काय पडले? विवाहबंधन कायम राहिले, मुले पित्याकडेच राहिली आणि तिच्या पुस्तकांच्या उत्पन्नावरही कायद्याने पतीचाच हक्क राहिला. धाकटा मुलगा १८४२ साली अपघातानंतर दगावला. ती पोहोचली तेव्हा तो गेलेला होता.

तिने लेखणीलाच शस्त्र केले. सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी मातेला अर्ज करू देणारा १८३९ चा कायदा तिच्या प्रचारामुळे घडून आला. १८५७ च्या घटस्फोट कायद्यामागेही तिचे लेखन होते. या कायद्याने जुना दावा रद्द झाला. पत्नी स्वतः प्रतिवादी झाली आणि परपुरुष सहप्रतिवादी. परित्यक्तेच्या कमाईलाही संरक्षण मिळाले. तरीही समता आली नाही. पतीला पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता. पत्नीला मात्र १९२३ पर्यंत त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे काही सिद्ध करावे लागे. परपुरुषाकडून भरपाई मागण्याची तरतूद तर १९७० च्या कायद्याने गेली. कॅरोलाइन १८७७ साली निवर्तली.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९७ याच मुशीतले होते. पती फिर्यादी, परपुरुष आरोपी. पत्नी यांपैकी कोणीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते रद्द केले. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण मात्र राहिले आहे. तिसऱ्या व्यक्तीला न्यायालयात कोठे उभे करावे, याची चर्चा अवश्य व्हावी. पण त्याआधी दुसऱ्या व्यक्तीला तेथे जागा आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.