ग्रंथालयालाच प्रयोगशाळा मानणारा गणिती

कृतिसंशोधन हा शब्द बी.एड.च्या विद्यार्थ्यांना चांगलाच परिचयाचा आहे. रोजच्या कामात जिथे अडते ती जागा हेरायची, त्यावर एक उपाय योजून पाहायचा, काय घडले याची नोंद ठेवायची आणि त्या नोंदीच्या आधारे उपाय पुन्हा सुधारायचा, अशी ही पद्धत. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत तिला हे नाव दिले. आता महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या चर्चासत्रांतही ती ऐकू येते. मात्र हे नाव रूढ होण्याच्या सुमारे वीस वर्षे आधी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात गणिताचे एक माजी अध्यापक जवळजवळ हेच करीत होते. ते म्हणजे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी त्यांचे पाच सिद्धान्त आठवणीने म्हटले जातात. ते कोणत्या कामातून सुचले, याची चर्चा क्वचितच होते.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ च्या ऑगस्टमध्ये शियाळी येथे झाला. मराठी वाचकाला भोसल्यांच्या राज्यामुळे ओळखीच्या असलेल्या तंजावर परिसरातले हे गाव. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात प्रा. एडवर्ड रॉस यांच्या हाताखाली त्यांनी गणिताचे एम.ए. पूर्ण केले आणि १९१७ पासून मंगळूर, कोइम्बतूर व मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन केले. बोलताना ते अडखळत, तरीही वर्गावर त्यांचा जीव होता.

१९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार अध्यापकापेक्षा बरा होता. ग्रंथालयाच्या कामाचा अनुभव मात्र शून्य. थोड्याच दिवसांत त्या एकाकी, कंटाळवाण्या खुर्चीला ते इतके विटले की, आपल्याला परत वर्गात घ्यावे म्हणून ते कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. तडजोड अशी ठरली की, रंगनाथन यांनी आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकावे. परतल्यावरही मन रमले नाही तर अध्यापकाची जागा मिळेल. भारतातील ग्रंथालयशास्त्राचा सारा पुढचा इतिहास या तडजोडीवर अवलंबून होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्रॉयडनचे ग्रंथपाल डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे त्यांचे मार्गदर्शक होते. वर्गातील व्याख्यानांपेक्षा रंगनाथन यांनी पाहणीवर अधिक भर दिला आणि ब्रिटनमधील शंभराहून अधिक ग्रंथालये हिंडून पाहिली. प्रत्येक ठिकाणी कामाची रीत निराळी होती, पण ती तशी का, याचे उत्तर कुठेही नव्हते. गणिती मनाला हे खटकणारच. त्याच सुमारास लंडनमधील सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या व स्क्रू निरनिराळ्या तऱ्हेने जोडून नवनवी खेळणी होतात, तसे विषयांचेही का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात रुजला. १९२५ मध्ये ते मायदेशी परतले ते वर्गाचा नाद सोडूनच.

तत्पूर्वी भारतात ग्रंथालयाचा विचार झालाच नव्हता असे नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगावच्या वाचनालयांचे जाळे उभारले होते. विद्यापीठांची ग्रंथालये मात्र अद्याप पुस्तकांची कोठारेच होती. मद्रासमध्ये रंगनाथन यांनी वाचकाला थेट मांडण्यांपर्यंत जाण्याची मुभा दिली आणि हवा तो ग्रंथ शोधून देण्यासाठी संदर्भसेवेची मांडणी केली. मांडणीची उंची, दोन मांडण्यांमधील वाट, ग्रंथालयाची वेळ अशा बाबींना त्यांनी तात्त्विक प्रश्नाइतके महत्त्व दिले. जमिनीवर उभ्या माणसाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवरचा ग्रंथ त्यांच्या लेखी नसल्यासारखाच.

या वृत्तीचा एक साधा नमुना नियतकालिकांच्या नोंदीत दिसतो. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, आलेला अंक नोंदवणे सोपे, न आलेला ध्यानात येणे कठीण. महिने उलटतात, प्रकाशकाकडील शिल्लक संपते आणि खंड कायमचा अपुरा राहतो. रंगनाथन यांनी यावर तीन कार्डांची पद्धत बसवली. एका कार्डावर आलेल्या अंकांची नोंद, दुसऱ्यावर विषयवार माहिती. तिसरे कार्ड मात्र अंक ज्या आठवड्यात यायला हवा, त्या आठवड्याच्या खणात ठेवायचे. अंक आला की कार्ड पुढच्या खणात सरकते. आठवडा संपूनही ते जागीच राहिले तर स्मरणपत्र धाडायचे. अडचण नेमकी कुठे आहे हे पाहून तिथेच उपाय बसवण्याचे हे उदाहरण आजच्या संगणकीय प्रणालींनाही परके वाटणार नाही.

पाच सिद्धान्तांचा उगमही असाच. डोळ्यांपुढे घडणाऱ्या असंख्य गोष्टींमागील मोजकी तत्त्वे शोधताना ते काही काळ अडले होते. ग्रंथ हे जपण्यासाठी नसून वापरासाठी आहेत, हे पहिले सूत्र त्यांच्या बोलण्यातून प्रा. रॉस यांनीच नेमके पकडून दाखवले, असे सांगितले जाते. पुढची चार मग भराभर आली: वाचकाला त्याचा ग्रंथ, ग्रंथाला त्याचा वाचक, वेळेची बचत आणि ग्रंथालयाची सतत वाढ. १९२८ मध्ये मांडलेले हे विचार १९३१ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांची पहिली पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन याच १९२८ सालातले.

द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये छापले गेले, ते विद्यापीठाच्या संग्रहावर अनेक वर्षे पारखून घेतल्यानंतर. तरीही त्यांनी ते अंतिम मानले नाही. १९३९, १९५०, १९५२, १९५७ आणि १९६० अशा आवृत्त्या निघत गेल्या आणि प्रत्येक वेळी प्रत्यक्ष वापरातील अडचणींमुळे रचना बदलली. १९५२ च्या चौथ्या आवृत्तीत तर एका द्विबिंदूऐवजी निरनिराळी विरामचिन्हे आली. निरीक्षण, नियम, प्रत्यक्ष पडताळा, त्यातून नवे निरीक्षण, असे फिरत वर जाणारे चक्र त्यांनी पुढे वैज्ञानिक पद्धतीचा आलेख म्हणून मांडले. लेविन यांनीही कृतिसंशोधनासाठी अशाच फिरत्या जिन्याची कल्पना वापरली, हा योगायोग लक्षणीय आहे.

अर्थात या सततच्या बदलांची किंमतही होती. रोज पुस्तकांवर क्रमांक घालणाऱ्याला नियम वारंवार बदललेले परवडत नाहीत. रंगनाथन यांची परिभाषाही विद्यार्थ्यांना घाम फोडणारी. बहुतेक महाविद्यालयांत आजही ड्यूईचेच दशांश वर्गीकरण चालते, याचे एक कारण यातही असावे.

मद्रास सोडल्यावर १९४५ ते १९४७ या काळात बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण व तालिकीकरण स्वतः केले. पुढे दिल्ली विद्यापीठात अध्यापन, १९५७ मध्ये पद्मश्री आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद. त्यांच्या प्रयत्नांचे फळ असलेला मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४८ चा; महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये आला. दुसरी पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन सुरू करण्यासाठी त्यांनी १९५६ मध्ये मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले.

१९६२ मध्ये त्यांनी बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. वर्गीकरणाच्या सातव्या आवृत्तीचे काम चालू असतानाच २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. ती आवृत्ती सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली.