डॉ. फ्रेडरिक मोह्स: त्वचेचा कॅन्सर मुळापर्यंत शोधणारा सर्जन

त्वचेवरची गाठ काढून झाली, पट्टी बांधली गेली, की पेशंट आणि नातेवाईक सर्वात आधी हेच विचारतात, की सगळं निघालं का. साध्या चामखिळीच्या बाबतीत हा प्रश्न फारसा मोठा नसतो. गाठ कॅन्सरची असेल तर मात्र पुढचं सगळं याच उत्तरावर अवलंबून असतं. हे उत्तर नजरेच्या अंदाजाने न देता सूक्ष्मदर्शकाखाली बघून द्यायचं, यासाठी एका अमेरिकन सर्जनने आपलं जवळजवळ सगळं आयुष्य खर्च केलं. तुमच्या कागदांवर कधी ‘मोह्स सर्जरी’ असा शब्द दिसला, तर ते नाव त्यांचंच आहे.

रेडिओची आवड असलेला मुलगा

फ्रेडरिक मोह्स यांचा जन्म १९१० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, बर्लिंग्टन या गावी झाला. ते तान्हे असतानाच वडील वारले. पुढे आई त्यांना घेऊन मॅडिसन शहरात आली आणि तिथेच ते वाढले. त्यांना रेडिओ इंजिनिअर व्हायचं होतं. पण विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मायकेल गायर यांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं आणि आयुष्याची दिशा बदलली. गायर कॅन्सरवर संशोधन करत होते.

त्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठींमध्ये वेगवेगळी रसायनं टोचून शरीराची प्रतिक्रिया पाहिली जात असे. त्यातलं एक रसायन होतं झिंक क्लोराईड. ते टोचल्यावर गाठीचा तो भाग मेला, यात विशेष काही नव्हतं. पण तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तरुण मोह्स यांच्या लक्षात आलं, की पेशी मेल्या असल्या तरी त्यांची रचना जशीच्या तशी टिकली आहे. लॅबमध्ये फॉर्मॅलिनच्या बाटलीत नमुना टिकतो, तसाच हा तुकडा शरीरावर असतानाच टिकला होता.

त्यावरून त्यांना सुचलं, की कॅन्सरचा भाग असा शरीरावरच पक्का करून थराथराने काढला आणि प्रत्येक थर तपासला, तर रोग नेमका कुठपर्यंत पसरला आहे ते कळेल. ते १९३४ मध्ये डॉक्टर झाले आणि १९३६ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांनी ही पद्धत पहिल्यांदा रुग्णावर वापरली.

आधी मलम, मग नकाशा

सुरुवातीची पद्धत आजच्यापेक्षा बरीच वेगळी आणि त्रासदायक होती. झिंक क्लोराईड, स्टिबनाइट नावाच्या खनिजाची पूड आणि ब्लडरूट या वनस्पतीची पूड एकत्र करून मोह्स यांनी एक काळपट मलम बनवलं. ते गाठीवर लावून पट्टी बांधायची. साधारण एका दिवसाने पक्का झालेला थर काढायचा. मेलेला थर असल्यामुळे तो कापताना दुखत नसे आणि रक्तही येत नसे. मलम आत मुरतानाचे तास मात्र फार वेदनेचे असत.

काढलेल्या थराचे मोह्स तुकडे करत, कडांना रंग लावत आणि कोणता तुकडा जखमेच्या कोणत्या बाजूचा हे कागदावर नकाशा काढून नोंदवत. मग थराची खालची बाजू आणि कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः तपासत. कॅन्सरचा अंश दिसला, तर नकाशात ती जागा शोधून फक्त तिथेच पुन्हा मलम लावत. रोग संपेपर्यंत हे चालू राहायचं. कधी कधी यात कित्येक दिवस जात.

हे सगळं का करायचं? कारण त्वचेचे काही कॅन्सर वरून जेवढे दिसतात तेवढेच नसतात. झाडाची मुळं जमिनीखाली लांब जातात, तशी त्यांची बारीक टोकं त्वचेखाली पसरतात. नाक, पापण्या, ओठ, कान या जागी हे जास्त घडतं, आणि नेमकं तिथेच जादा त्वचा कापायला जागा नसते.

सर्जन दूर, त्वचारोगतज्ज्ञ जवळ

१९४१ मध्ये मोह्स यांनी ४४० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि पद्धतीला ‘केमोसर्जरी’ असं नाव दिलं. आजच्या केमोथेरपीशी तिचा संबंध नाही. मोह्स स्वतः सर्जन होते, पण सर्जन मंडळींनी या पद्धतीकडे बराच काळ संशयाने पाहिलं. त्याला कारणही होतं. त्या काळी अमेरिकेत कॅन्सरवर जहाल मलमं लावून पैसे उकळणारे भोंदू पुष्कळ होते, आणि वरवर पाहिलं तर मोह्सही मलमच लावत होते.

फरक होता तो सूक्ष्मदर्शकाचा. भोंदू माणूस मलम लावायचा आणि खपली पडली की रोग गेला असं सांगायचा. मोह्स यांच्या हातात खपलीखालच्या प्रत्येक थराचा पुरावा असे. हा फरक त्वचारोगतज्ज्ञांनी लवकर ओळखला, कारण त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो. १९६७ मध्ये या पद्धतीच्या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली आणि मोह्स तिचे पहिले अध्यक्ष झाले.

मलम बाजूला पडलं

१९५३ मध्ये पापणीच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचं चित्रीकरण चालू होतं. वेळ वाचवण्यासाठी मोह्स यांनी पुढचे थर मलम न लावता, जागा बधिर करून थेट कापले आणि गोठवून तपासले. काम तितकंच चोख झालं, आणि वेदना व वेळ दोन्ही वाचले. मोह्स यांनी त्यानंतर पापण्यांसाठी हाच मार्ग वापरला. १९७४ मध्ये ट्रोमोविच आणि स्टेगमन या दोन अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी मलमाशिवाय केलेल्या रुग्णांचे चांगले निकाल प्रसिद्ध केले, आणि हळूहळू मलम मागे पडलं. ज्या मलमापासून सगळी सुरुवात झाली, त्याची गरजच उरली नव्हती. सूक्ष्मदर्शक आणि नकाशा मात्र तसेच राहिले. मोह्स २००२ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, मॅडिसनमध्येच वारले.

आज ही शस्त्रक्रिया कशी होते?

जागा इंजेक्शनने बधिर करतात, तुम्ही जागेच असता. डॉक्टर दिसणारी गाठ आणि तिच्याखालचा पातळ थर काढतात आणि तुम्हाला पट्टी बांधून बसवतात. लॅबमध्ये तो थर गोठवून तपासला जातो. अंश उरला असेल तर नकाशाप्रमाणे तेवढ्याच जागी पुढचा थर काढतात. म्हणून वेळ लागतो. अर्धा किंवा पूर्ण दिवस मोकळा ठेवा, सोबत कोणीतरी असू द्या. रोग संपल्यावर बहुतेक वेळा त्याच दिवशी टाके घालतात.

नेहमीच्या शस्त्रक्रियेत गाठीभोवती काही मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा घेऊन तुकडा काढतात. लॅबमध्ये त्याचे पावाच्या स्लाइससारखे उभे काप घेतात. त्यात कडेचा अगदी थोडा भाग पाहिला जातो. मोह्स पद्धतीत अर्ध्या मोसंबीची साल दाबून सपाट करावी तसा तुकडा पसरवतात, त्यामुळे संपूर्ण कड आणि तळ दिसतो. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल कार्सिनोमामध्ये, म्हणजे त्वचेच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये, पाच वर्षांनंतर सुमारे ९९ टक्के रुग्णांत रोग परतलेला नसतो. एकदा परत आलेल्या गाठीत हे प्रमाण सुमारे ९४ टक्के असतं.

प्रत्येक गाठीला मोह्स सर्जरी लागत नाही. पाठीवरची किंवा हातावरची लहान, कमी धोक्याची गाठ नेहमीच्या पद्धतीने काढणं पुरेसं असतं. मस, चामखीळ यांसाठी वरच्यावर कापणं, खरवडणं, गोठवणं किंवा विजेच्या सुईने जाळणं हे साधे मार्ग आहेत. मोह्स सर्जरी मुख्यतः चेहऱ्यावरच्या, परत आलेल्या किंवा कडा अस्पष्ट असलेल्या कॅन्सरसाठी राखून ठेवतात. आपल्याकडे ती मोजक्याच ठिकाणी होते.

तुमच्यासाठी यात काय आहे?

आपल्याकडे तीळ किंवा चामखीळ घालवायला चुना आणि सोडा लावण्याची पद्धत अजून आहे. इंटरनेटवर ‘ब्लॅक साल्व’ नावाचं काळं मलम विकलं जातं, त्यातही अनेकदा झिंक क्लोराईड आणि ब्लडरूटच असतं. यांपैकी काहीही लावू नका. अशा मलमाने वरची त्वचा जळते, व्रण राहतो आणि खाली कॅन्सर असेल तर तो झाकला जाऊन वाढत राहतो. मोह्स यांचं मलम तपासणीशिवाय कधीच वापरलं जात नव्हतं, आणि तपासणी जमू लागल्यावर त्यांनाही ते लागेनासं झालं.

भारतीय त्वचेत बेसल सेल कार्सिनोमा बऱ्याचदा काळा असतो आणि तिळासारखा दिसतो. म्हणून वाढणारा, रंग किंवा आकार बदलणारा, रक्त येणारा किंवा महिनाभरात न भरणारा कोणताही डाग पार्लरमध्ये किंवा घरी जाळू नका. पूर्ण जळालेल्या गाठीचा तपासायला तुकडाच उरत नाही.

गाठ काढण्याआधी डॉक्टरांना हे विचारा:

- ही गाठ कशाची वाटते, आणि आधी बायोप्सी करावी लागेल का?
- काढलेला तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला जाणार आहे का?
- रिपोर्टमध्ये कडा मोकळ्या आहेत की नाहीत हे लिहिलेलं असेल का?
- कडेला अंश उरला असेल तर पुढे काय करायचं?

नमुन्याची बाटली तुमच्या हातात दिली असेल तर ती त्याच दिवशी लॅबला पोहोचवा. टाके काढून झाले, जखम भरली, तरी रिपोर्ट घ्यायला जा आणि तो डॉक्टरांना दाखवा. सगळं निघालं का, याचं उत्तर त्या रिपोर्टमध्येच असतं.