मूल हिरावलेली बाई

अ‍ॅनी बेझंट म्हटले की होमरूल आणि १९१७ चे काँग्रेस अध्यक्षपद, एवढेच आपल्याला शाळेत शिकवले गेले. कोर्टात उभी राहिलेली आई कोणी सांगितली नाही.

१८४७ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या बाईंचे लग्न एका पाद्र्याशी झाले. १८७३ मध्ये दोघे विभक्त झाले. मुलगा बापाकडे, मुलगी मेबल आईकडे. बाई निरीश्वरवादी. १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत संततिनियमनाचे पुस्तक छापले म्हणून खटला झाला. नवऱ्याने संधी साधली. १८७८ मध्ये न्यायमूर्ती जेसेल यांनी मेबल बापाच्या हवाली केली. आईने मुलीची आबाळ केली, असे न्यायमूर्तींनाही म्हणता आले नाही. गुन्हा फक्त विचारांचा!

पुढे बाई थिऑसॉफिस्ट होऊन भारतात आल्या. १९१० मध्ये नारायणय्यांनी कृष्णमूर्ती आणि नित्यानंद ही मुले त्यांच्या पालकत्वात दिली, १९१२ मध्ये परत मागितली. मद्रास हायकोर्टात बाप जिंकला, १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये बाई जिंकल्या. बापाला संमती मागे घेता येते हे तिथे मान्य झाले; पण मुलांची इच्छा विचारलीच गेली नव्हती, हेही नोंदले गेले.

आणि याच बाईंनी १९०९ मध्ये लिहिले की, अस्पृश्यांची मुले वरच्या जातीच्या मुलांसोबत शाळेत बसवू नयेत, आधी त्यांना स्वच्छता शिकवावी. बाबासाहेबांनी काँग्रेस-गांधींवरील १९४५ च्या ग्रंथात हा लेख जपून ठेवला आहे. अस्पृश्य आईला काय वाटते, हे मात्र बाईंनी विचारले नाही.