जालन्याशी नातं असलेले अबुल फज़ल आणि खुशबूचा सुकून

जुम्म्याच्या नमाजला निघताना आपण अत्तराचा फाया कानात ठेवतो. खुशबूनं मन निवतं, हे आपले बुजुर्ग सांगत आलेत. या खुशबूची विद्या कागदावर उतरवणाऱ्या एका माणसाचं आपल्या जालन्याशी नातं आहे, हे मात्र आपण विसरलोय. ते म्हणजे अबुल फज़ल.

१५५१ साली आग्र्यात शेख मुबारक यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. शायर फैज़ी हे त्यांचे थोरले भाऊ. पुढे ते अकबर बादशाहाच्या दरबारात गेले. त्यांच्या धार्मिक विचारांबद्दल उलेमांचे मतभेद होते आणि आजही आहेत. पण त्यांची विद्वत्ता कुणी नाकारत नाही.

‘आईन-ए-अकबरी’त त्यांनी शाही खुशबूखान्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. ऊद, अंबर, चंदन, कापूर यांचे भाव, मिश्रणांची वजनं, बनवायची रीत, सगळं त्यात आहे. दरबारात सोन्या-चांदीच्या धूपदाण्या जळत. फुलांची तेलं अंगाला आणि केसांना लावत. आज ज्याला अरोमाथेरपी म्हणतात, ती आपल्याकडं अशी जुनीच आहे.

१५९९ मध्ये बादशाहानं त्यांना दख्खनला पाठवलं. शहजादा मुराद तेव्हा जालन्याच्या परिसरात छावणी टाकून होता. दारूनं त्याचं शरीर पोखरलं होतं. अबुल फज़ल पोहोचले आणि त्याच सुमारास मुराद गेला. तिशीही गाठली नव्हती त्यानं. बिथरलेल्या फौजेला अबुल फज़ल यांनीच सावरलं. पुढे काही काळ ते जालन्यात राहिल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे.

१२ ऑगस्ट १६०२ रोजी दख्खनहून परतताना शहजादा सलीमच्या इशाऱ्यावरून वीरसिंह बुंदेल्यानं त्यांना ठार केलं. ग्वाल्हेरजवळ आंतरीला त्यांची कबर आहे.

आम्हाला यात एक धडा दिसतो. बापाच्या महालात खुशबूखाना होता, तरी मुरादनं चैन शोधलं ते दारूत. आपल्या मोहल्ल्यातली काही पोरंही ताण आला की नशेकडं वळतात. अत्तर हे काही नशेवरचं औषध नव्हे. त्यासाठी डॉक्टरच गाठावा. पण मगरिबनंतर मोबाईल बाजूला ठेवून, रुमालावर गुलाबाचा किंवा खसचा एक थेंब घेऊन, पोरांजवळ दहा मिनिटं शांत बसणं आपल्या हातात आहे. फक्त बाजारातलं तीव्र सुगंधी तेल थेट कातडीला लावू नका, लहानग्यांच्या हाती देऊ नका.