बोलींचे नकाशे काढणारे जूल जिल्येरों

आम्ही शाळेत मुलांना शिकवतो ती फ्रेंच व्याकरणाच्या पुस्तकातली. पण खुद्द फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत माणसे काय बोलत होती, हे शोधण्यात जूल जिल्येरों यांनी आपले आयुष्य घालविले. वाचकांना त्यांची थोडी ओळख करून द्यावी असे आम्हांस वाटले.

जिल्येरों जन्माने स्विस. जन्मसाल १८५४. पॅरिसच्या एकोल प्रातिक दे ओत्झेत्यूद या संस्थेत १८८३ पासून मरेपर्यंत ते बोलीभाषा शिकवीत होते. त्या काळी गावची बोली म्हणजे बिघडलेली फ्रेंच असा समज होता आणि ती वर्गात बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होई. बोली डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत, हे जिल्येरोंनी ओळखले.

त्यांनी लांबलचक प्रश्नावली तयार केली. गावोगाव हिंडायला मात्र पंडित घेतला नाही. सें-पोल गावचे किराणा दुकानदार एदमों एदमों (होय, नाव व आडनाव उच्चाराने एकच!) यांना पाठविले. वय पन्नाशीला टेकलेले, पण कान तिखट. डोक्यात भाषेचे सिद्धान्त नाहीत, म्हणून हा गृहस्थ ऐकेल तेच लिहील, असा हिशेब. १८९७ ते १९०१ या काळात एदमोंनी ६३९ गावे पालथी घातली. पहिले उत्तर तेच खरे, मागाहून दुरुस्ती नाही, असा नियम होता. त्यातून १९०२ ते १९१० मध्ये १९०० हून अधिक नकाशे छापले गेले. एकेका नकाशावर एकेक शब्द, गावागावाच्या उच्चारासह.

नकाशांतून गमती निघाल्या. गॅस्कनीच्या एका भागात जुन्या लॅटिनमधील कोंबडा आणि मांजर हे दोन्ही शब्द झिजून 'गात' असे एकच झाले. खुराड्यात 'गात' शिरला म्हणजे कोण शिरले? शेतकऱ्याची पंचाईत! मग नेमक्या त्याच भागात लोक कोंबड्याला फेझंट पक्ष्याचे, नाही तर चक्क धर्मगुरूच्या मदतनिसाचे नाव देऊ लागले.

मधमाशीच्या शब्दांवर तर त्यांनी १९१८ साली अख्खा ग्रंथ लिहिला. उत्तरेकडे जुना शब्द झिजून नुसता 'ए' उरला. एवढ्याशा शब्दाने भागेना, म्हणून लोक 'मधाची माशी' म्हणू लागले. आपल्या क्रिओलमधील 'मूस-दिमिएल' याच कुळातला. एका मुलाने निबंधात तो लिहिला तेव्हा आम्ही लाल शाईने खोडला होता. हे वाचल्यावर आम्हांस ओशाळल्यासारखे झाले.

टीकाही झाली. उत्तरेकडच्या माणसाचा कान दक्षिणेच्या बोलींत चुकतो, बहुतेक गावांत एकाच माणसाला विचारले, असे आक्षेप निघाले. ते अगदीच खोटे नव्हेत. तरीही पुढे इटली व इतर देशांचे भाषा-नकाशे याच वाटेने निघाले.

१९२६ साली जिल्येरों वारले. एदमोंही त्याच वर्षी गेले.