शेकडो लेकरांचे आई-वडील : कर्मवीर भाऊराव व लक्ष्मीबाई पाटील

पोटच्या मुलाच्या शिक्षणासाठी आई-वडील उपाशी राहतात, दागिने मोडतात, जमीन गहाण टाकतात. हा त्याग थोरच आहे. परंतु परक्यांच्या मुलांसाठी असा त्याग करणारे दांपत्य आपल्या जैन समाजात होऊन गेले, याचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी होणे उचित ठरेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्यांना स्वतःला मॅट्रिकची पायरीही ओलांडता आली नाही. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, ही गोष्ट तेथे त्यांच्या मनात पक्की ठसली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले व तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले.

त्या काळी दहा वर्षांचा मुलगा म्हणजे शेतावरचा एक कामकरी हात. तो हात सोडून मुलाला साताऱ्यास धाडणे, हा गरीब कुणब्याचा मोठाच त्याग होता. गावोगावच्या माउल्या मुष्टिफंडासाठी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. तरीही वसतिगृहातील कोठी वारंवार रिकामी होई.

अशा वेळी लक्ष्मीबाई पुढे झाल्या. सुखवस्तू घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या साध्वीने अस्पृश्य मानलेल्या मुलांनाही पोटाशी धरले. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचा एकेक दागिना दिला आणि अखेरीस सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही काढून दिले. आम्ही व्यापारी माणसे; भांडवल घातले की परतावा पाहतो. या माउलीने मात्र जमेची बाजू पाहिलीच नाही. १९३० साली त्यांचे देहावसान झाले. संस्थेचा विस्तारलेला वटवृक्ष पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या शिक्षणोत्तेजक पतपेढीस त्यांचे नाव देण्यात आले, हे यथोचितच झाले.

पत्नीवियोगाचे दुःख गिळून भाऊरावांनी कार्य चालूच ठेवले. मुलांनी श्रम करावेत व शिकावे, ही त्यांची रीत होती. फुकटच्या अन्नाने मूल मिंधे होते, घामाच्या भाकरीने ताठ उभे राहते, अशी त्यांची धारणा होती. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. पुणे विद्यापीठाने डी.लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपला धर्म सांगतो. या दांपत्याने भुकेल्या मुलांना अन्न दिले, निरक्षरांना ज्ञान दिले आणि जातीच्या भीतीने दबलेल्यांना अभय दिले. आज आपल्या घरातील मुले उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात, याचा सर्वांनाच आनंद आहे. त्यांच्या शुल्काची तरतूद करीत असताना, ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा एका तरी मुलाची फी, मग तो कोणत्याही जातीचा असो, आपल्या खर्चात धरली जावी. कर्मवीरांना व लक्ष्मीबाईंना तीच खरी विनयांजली होईल.